निरोगी तालुक्याच्या अक्का

कुठल्याही गावात पाऊल ठेवलं की अक्का आधी म्हाताऱ्या मोजायच्या. शहरात चिकपेटेच्या बाजारात लुगडं घेतानाही एक डोळा रस्त्यावर. मी हसलो की म्हणायच्या, "हसालास कशाला? म्हाताऱ्या दिसल्या की समजायचं, इथं पैसा आहे, नाहीतर दवाखाना तरी. आमच्याकडं बायका म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत की!"

त्याच शहरात, मल्लेश्वरमला, त्या आमच्या शेजारी. बेळगावकडच्या कोरड्या तालुक्यातल्या. इथं प्रसूतिगृहात नर्स. रजा मिळाली की गावी जाऊन बाळंतपणं करायच्या. मी सरकारी आकडेमोडीच्या कचेरीत कारकून, म्हणजे स्वतःच्या मते अर्धा मंत्री. नवे दवाखाने कुठे काढायचे याचा तक्ता माझ्याकडे आला, तेव्हा अक्का एवढंच म्हणाल्या, "आमच्या तालुक्याकडं स्वल्प बघ, बाबा."

मी फार बारकाईने बघितलं. मृत्यूच्या नोंदी सगळ्यात कमी त्यांच्याच तालुक्यात! ऐटीत शेरा मारला: 'हवा उत्तम. लोक दीर्घायुषी. दवाखान्याची निकड नाही.' साहेबांनी पाठ थोपटली. दवाखाना गेला एका श्रीमंत गावाला, जिथं आधीच इस्पितळ होतं आणि माणूस मेला की कागद होत होता.

हे शहाणपण मी अक्कांना कौतुकाने सांगायला गेलो! त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माझी धाकटी बहीण गेल्या साली बाळंतपणात गेली. दवाखान्याला नेताना, बैलगाडीतच. तुझ्या कागदात आहे काय ती?"

"नोंद केली होती का, अक्का?"

"कोण करणार? रडायचं, का पाटलाला हुडकत फिरायचं? नाही ना कागदात? मग जिवंत आहे म्हण की."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतल्या नोंदी उलगडल्या. अक्कांच्या गावातून वर्षभरात मृत्यूची एकही नोंद आलेली नव्हती.

महिन्याभरात अक्का नोकरी सोडून गावी निघाल्या. स्टेशनवर मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "सरी, सरी, असू दे. आधी ट्रंक चढव."

पुढे कानावर आलं, की त्या गावोगाव पाटलाच्या कट्ट्यावर ठाण मांडतात. मेलेल्याचं नाव लिहून झाल्याशिवाय उठत नाहीत.

वर्षाने तक्ता आला. त्या तालुक्यातले मृत्यू एकदम वर. साहेब दचकले. "काय हो, साथ आली की काय?"

"नाही साहेब. माणसं पूर्वीइतकीच मरताहेत. आता लिहिली जाताहेत."

दवाखाना मंजूर झाला. माझ्या त्या शेऱ्यानंतरच्या वर्षात गेलेल्यांची यादी मीच उतरवून काढली. त्यात बाळंतिणी किती होत्या, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.