ऑक्टोबरातला शनिवार

हॅस्केट कोचच्या घरात एक नियम होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर कुणी जन्मायचं नाही, मरायचं नाही आणि लग्न तर मुळीच करायचं नाही, कारण ते दिवस फुटबॉलचे. मरणाऱ्यांनी हा नियम बऱ्यापैकी पाळला. कोचचे वडील जूनमध्ये गेले, सासूबाई मार्चमध्ये. मोडला तो एकट्या टेसाने, तोही जन्मतानाच. ती ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी झाली, तेव्हा तिचा बाप टेनेसीतल्या एका मैदानाच्या कडेला उभा राहून पाच धिप्पाड पोरांवर खेकसत होता. तेव्हापासून तिचा वाढदिवस फेब्रुवारीत होऊ लागला, बापाला सवड मिळायची तेव्हा. शाळेत जाईपर्यंत त्या पोरीला आपण बर्फात जन्मलो असंच वाटायचं.

रँडल हॅस्केट मूळचा कॅन्ससचा. बाप धान्याच्या कोठारावर कामाला. रँडल खेळाडू म्हणून बेताचाच. पाय जड, उंची कमी. पण समोरचा गडी कोणत्या बाजूने घुसणार हे त्याला आधी कळायचं. कॉलेज संपल्यावर तिथल्या मुख्य कोचने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. मदतनीस म्हणजे काय, तर कॉफी करायची, विरोधी संघाच्या चाली पुठ्ठ्यांवर काढायच्या, ऑफिसातल्या सोफ्यावर झोपायचं आणि खेळाडूंच्या न्हाणीघरात अंघोळ उरकायची. रँडलला वाटलं, याहून सुख ते काय! वय तेवीस असलं की माणसाला काहीही वाटतं.

पुढे तो भिंतीचा कोच झाला. अमेरिकी फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याच्या पुढे पाच आडदांड पोरं उभी असतात, ती भिंत. पळणाऱ्याचं नाव पेपरात येतं. भिंतीतल्या पोराचं नाव लोकांना कळतं ते ती पडली की. रँडलला ही पोरं मनापासून आवडायची, कारण तोही त्यांच्यातलाच होता.

पण या धंद्यात विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मुख्य कोच हरू लागला की रविवारी सकाळी त्याला बोलावणं येतं आणि सोमवारपर्यंत त्याच्या हाताखालची सगळी माणसं घरी बसतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मग ओळखीच्यांना फोन, नवं गाव, नवा रंग. टेनेसी झालं, आर्कान्सा झालं, पश्चिम टेक्सासातलं एक धुळीचं गाव झालं, मग आयोवा. दर गावाला डार्ला, त्याची बायको, खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायची आणि पुढच्या गावच्या खिडक्या हटकून लहान नाहीतर मोठ्या निघायच्या. कोचचे शर्ट, जाकिटं, टोप्या, पायमोजेसुद्धा कॉलेजचे, छातीवर कॉलेजचं नाव. नोकरी सुटली की ते सगळं गाठोडं बांधून चर्चला द्यायचं, कारण मागच्या गावचा लाल रंग पुढच्या गावात अंगावर दिसला तर लोक वाळीत टाकायचे. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही असा शर्ट त्याच्याकडे जवळजवळ नव्हताच.

त्याचं खरं कसब दिसायचं ते लोकांच्या स्वयंपाकघरात. हिवाळ्यात तो कॉलेजच्या संघासाठी गावोगाव फिरून चांगली पोरं हेरायचा आणि त्यांच्या आयांसमोर जाऊन बसायचा. वाढलेलं सगळं खायचा, आणखी मागायचा. मग हात पुसून म्हणायचा, "तुमच्या लेकाला मी पोटच्या पोरासारखं सांभाळीन. काही झालं तरी मी आहे." ते 'मी आहे' असं काही म्हणायचा की आयांचे डोळे भरून यायचे. खोटं नव्हतं ते. म्हणताना नव्हतं. पण पोरगं तिथे पोचेपर्यंत कोच पुढच्या गावाला गेलेला असायचा. एकदा तर बोलण्याच्या भरात त्याने मागच्याच कॉलेजचं नाव घेतलं. त्या घरची बाई, मिसेस टॉलिव्हर, त्याच्या पुढ्यात केळ्याच्या पुडिंगचं भांडं सरकवत म्हणाली, "आधी पोटभर खा, बाबा. मग आठव सावकाश, तू हल्ली कुठला ते."

आयोवातली नोकरी सुटली तेव्हा टेसा नववीत होती. या खेपेला डार्लाने मापं घ्यायची पट्टी काढलीच नाही.

"तू जा," ती म्हणाली. "मी नाही येत. पडदे शिवून हात दुखले माझे."

"वर्षभराचा प्रश्न आहे, डार्ला. जम बसला की तुम्हाला बोलावतोच."

"कोच, ते आयांना सांग. मी तुझी बायको आहे."

भांडण नाही, तंटा नाही. त्या दोघी आयोवातल्या एल्डन फोर्क नावाच्या त्या लहान गावातच राहिल्या आणि कोच फेब्रुवारीत आणि जूनमध्ये पाहुण्यासारखा येऊ लागला. आला की पायपुसणं कुठे, साखर कुठे, विचारावं लागायचं. टेसा लाडात असली की त्याला बाबा म्हणायची आणि रागावली की सगळ्या जगासारखं कोच. हल्ली कोचच जास्त.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला मुख्य कोचची खुर्ची मिळाली, नेब्रास्काच्या पश्चिमेला, एका इवल्याशा कॉलेजात. टायरच्या दुकानावरची खोली, एक घडीची खुर्ची, एक पातेलं. रोज संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटाच मांस-बटाटे खायचा आणि बिल देताना वाढणारीशी उगाच दोन वाक्यं जास्त बोलायचा. ऑफिसच्या दाराच्या काचेवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. बघायला आपलं म्हणावं असं कुणीच नव्हतं.

जानेवारीत टेसाचा फोन आला.

"कोच, माझं लग्न ठरलंय. मिचेलशी. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार."

"ऑक्टोबर? अगं, त्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांना बोलावतात तो आमचा सामना असतो! अख्खा गाव येतो. वर्षातला सगळ्यात मोठा—"

"माहीत आहे. तुमचं वेळापत्रक बघूनच तारीख काढली."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दामच. आयुष्यात एकदा बघायचंय मला. बोलावणं केलं, आता तू आणि तुझा फुटबॉल."

डार्लाला फोन केला तर ती म्हणाली, "मी मध्ये पडायची नाही. तुमचं तुम्ही बघा बापलेक."

कोचने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "बघू." डेल नावाचा त्याचा उजवा हात होता, वीस वर्षांपासूनचा सोबती. 'डेल, त्या शनिवारी तू सांभाळ,' एवढंच म्हणायचं होतं. गाडी चालवताना ते वाक्य कोचने मोठ्यांदा म्हणून पाहिलं. छान जमायचं. पण डेल समोर आला की विषय निघायचा भिंतीचा. त्यात हंगाम सुरू झाला आणि संघ हरत सुटला. हरणारा कोच रजा कोणत्या तोंडाने मागणार? सप्टेंबर संपला तरी 'बघू' चालूच होतं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी खेळांच्या प्रमुखाने, प्रुएटने, त्याला बोलावून घेतलं. टेबलावर डोनट्सचा खोका होता. रविवारी सकाळी कुणी डोनट पुढे केला की काय समजायचं ते कोचला चांगलं ठाऊक होतं.

"बसा, कोच. वाईट वाटतंय सांगायला."

"मग लवकर सांग. डोनट शिळे होतील."

"उरलेले सामने डेल बघेल. जाकीट असू द्या तुमच्याकडेच."

झालं! सुंठीवाचून खोकला गेला. जिना उतरताना कोचचा जीव भांड्यात पडला. आता लग्नाला जायला कुणाची आडकाठी नाही. आणि शेवटच्या पायरीवर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कठडा धरून तो उभाच राहिला. आपण गेलो असतो की नसतो, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. त्यालासुद्धा नाही. त्या दिवशी त्याला वाटलं, कुणाला तरी फोन करावा. सगळे नंबर कोचांचेच होते. गावातल्या दुकानात जाऊन त्याने एक पांढरा शर्ट घेतला, छातीवर काहीच न लिहिलेला, आणि गाठोडं बांधायला बसला.

शनिवारी एल्डन फोर्कच्या चर्चच्या पायऱ्यांवर डार्ला उभी होती. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट नवा दिसतोय."

"हो."

"डेलच्या बायकोचा फोन होता रविवारीच." तिने त्याची कॉलर नीट केली. "टेसाला मी बोलले नाही. ती फुटबॉलच्या बातम्या वाचत नाही कधीच. तुझं तू ठरव."

आतल्या खोलीत टेसा आरशासमोर बसली होती. आरशात बाप दिसला आणि ती ताडकन उठली.

"बाबा! आलास तू? तुमचा तो मोठा सामना सोडून?" ती मैत्रिणींकडे वळली. "काय गं, पैज लावत होतात ना माझ्याशी? बघा, आला की नाही माझा बाप!"

आणि सगळ्या साजशृंगारासकट ती त्याच्या गळ्यात पडली. असं तिने त्याला कधी धरलं होतं, त्याला आठवेना. गप्प राहणं सोपं होतं. आजचा एक दिवस तरी. कोण विचारणार होतं? पण तिचे हात गळ्याभोवती होते आणि त्याला मात्र आपण अजून दाराबाहेरच एकटे उभे आहोत असं वाटत होतं, कारण ती ज्या बापाला मिठी मारत होती त्याला तो ओळखत नव्हता.

मैत्रिणी पुढे गेल्या. चर्चच्या मोठ्या दारामागे दोघंच उरली.

"टेसा, मला काढून टाकलं. रविवारी."

तिचा हात त्याच्या कोपरावर होता, तो तसाच राहिला. चेहरा मात्र उतरला.

"आणि काढलं नसतं तर?"

'तरी आलो असतो. काही झालं तरी मी आहे.' वाक्य जिभेवर तयार होतं. तीस वर्षं त्याने ते परक्या आयांना ऐकवलं होतं आणि एकदाही अडखळला नव्हता. तेच आज पोटच्या पोरीला द्यायचं?

"माहीत नाही," कोच म्हणाला. "खरंच माहीत नाही गं. आठ महिने मी नुसतं बघू म्हणत होतो."

आत ऑर्गन सुरू झाला. टेसाने डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या.

"चल, मिचेल थांबलाय. आणि हळू चाल. तू नेहमी पुढे पळतोस."

तो हळू चालला. तिने वाटेत एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. वेदीपाशी तिचा हात सोडून तो पहिल्या बाकावर डार्लाशेजारी बसला, दोघांच्या मध्ये तिची पर्स.

जेवणाच्या वेळी मिचेलचा एक काका फोन उंचावत ओरडत आला. "अहो कोच, अभिनंदन! तुमची पोरं जिंकली की!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोचने उठून हात हलवला. भिंत आज उभी राहिली होती, तो नसताना. त्याला आनंद झाला, आणि तो कुणाला सांगावा ते कळेना.

निघताना तो कोट चढवत होता, तेव्हा टेसा केकची बशी घेऊन आली.

"कुठे जाणार आता?"

"बघू. म्हणजे... अजून कुणाचा फोन नाही."

तिने बशी त्याच्या हातात दिली. थोडा वेळ ती त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत राहिली.

"आम्ही मंगळवारी निघतोय फिरायला," ती म्हणाली. "सोमवारी घरीच आहोत. सोमवारी माझा वाढदिवस आहे, बाबा. खरा. येशील?"

कोचने तोंड उघडलं. 'मी आहे' म्हणायची सवय होती. त्याने ते गिळलं आणि नुसती होकारार्थी मान हलवली. सोमवारी या एका घराखेरीज जगात कुठेच कुणी त्याची वाट बघत नव्हतं.