शहर गेल्यावरचे बिशप

जर्मनीत आखनला मास्टर्स करताना मी इतिहास विभागात ही-वी होते, म्हणजे तासांवर काम करणारी विद्यार्थिनी. मी पुण्याची कॉम्प्युटर इंजिनियर, पोपशी माझा काय संबंध! पण काम मिळालं. क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, सीरिया-पॅलेस्टाइनकडे जी राज्यं उभी केली, तिथल्या बिशपांची यादी डेटाबेसमध्ये बसवायची. शहर कुठलं, बिशप कोण, नेमला कोणी, कधीपासून कधीपर्यंत.

बसवायची म्हणे! तिथले पाद्री एकाला निवडायचे, पोप दुसऱ्यालाच नेमायचा, आणि तो नेमलेला कधीकधी तिकडे फिरकायचाही नाही. अँटिऑकला तर एका वेळी दोन पॅट्रिआर्क, म्हणजे बिशपांचे प्रमुख, एक ग्रीकांचा, एक रोमचा. प्रोग्रॅम चूक दाखवायचा आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी वैतागून मी एक नियम घातला: शहर शत्रूच्या हाती गेलं की पद संपलं. त्यानंतर नेमलेले सगळे म्हणजे जुन्या कारकुनांचा गोंधळ. उडवले. हे काम देणाऱ्या प्रोफेसरबाईंना विचारलं नाही. एवढ्यासाठी काय विचारायचं, असं वाटलं.

दोनेक महिन्यांनी सहज एक लेख वाचत होते. त्यात जेरुसलेमचा पॅट्रिआर्क निघाला. जेरुसलेम गेलं, मग आक्को बंदरही गेलं, तरी पोप आपला नेमतोच आहे. कोणी सायप्रसला राहतोय, कोणी इटलीत. शहर नाही, चर्च नाही, माणसं नाहीत, आणि पद मात्र शाबूत. मी उडवलेले सगळे खरे होते.

आणि नेमकी सोमवारी माझ्या कराराच्या मुदतवाढीवर बाईंची सही व्हायची होती. करार नाही तर व्हिसाचं काय, या विचारानं मी आधीच अर्धी झाले होते. खोलीतली नागपूरची मैत्रीण म्हणाली, आधी सही होऊ दे, मग तोंड उघड. मला तेही पटलं आणि त्याच्या उलटही पटलं.

सोमवारी गेले तर बाईंनी सही करूनच ठेवली होती. कागद माझ्या हातात दिला. मग मी सांगितलं, अडखळत, निम्मं जर्मन, निम्मं इंग्रजी. त्या ऐकत राहिल्या. यादी आठवड्यापूर्वीच प्रकाशकाकडे गेली होती, त्यांच्या नावानं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "छपाई थांबवा. माझी चूक झाली आहे, मी नियम तपासला नाही."

मी कागद धरून उभी. नियम माझा होता, हे पलीकडच्या माणसाला सांगायला हवं होतं. पुण्यात नोकरीला होते तेव्हा साहेबांच्या चुकाही आमच्याच नावावर जायच्या. हे उलटं मी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाचवतायत, की इथली रीतच अशी, काही कळेना.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "यादीवर नाव माझं होतं, म्हणजे चूक माझी. बरोबर ना?"

आभार मानायचे की माफी मागायची, याच गोंधळात मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या बोलण्यावर म्हणायचे तेच म्हणाले: "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

त्यांनी मान हलवली आणि बिशप परत घालायला सांगितले. मी कागद बॅगेत ठेवला. तो क्षण आठवला की अजून लाजेनं कान तापतात.