दादा आणि देशाचं फळ

भारतात पिकणाऱ्या एकूण एक फळाची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा आतेभाऊ निघावा हे माझं नशीब. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी हिंगणघाटला शेतीखात्याच्या कचेरीत चौतीस वर्षं एकच काम केलं. तालुक्यात संत्रं किती, केळी किती, लिंबू किती, हे रकान्यांत भरायचं आणि वर पाठवायचं. वर म्हणजे कुठे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. निवृत्तीनंतर एका सकाळी मात्र त्यांनी पेपरात वाचलं की देशात माणशी मिळणारं फळ वर्षागणिक वाढतंच आहे. दुसरा कोणी असता तर पान उलटून क्रिकेटकडे वळला असता. दादा चपला घालून सरळ माझ्याकडे आले. मी दाढी करत होतो.

"तू काल फळ खाल्लं काय?"

"नाई."

"परवा?"

"आठवत नाई, दादा."

"मंग तुया वाट्याचं कोन खाऊन राह्यलं?"

अर्ध्या दाढीनिशी या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड असतं. मी गप्प बसलो आणि तिथेच चुकलो, कारण माझं गप्प बसणं दादांनी होकार धरलं. माझ्याकडे मोटारसायकल आहे आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांची पुढची चार वर्षं चालली.

दादा सगळ्यांना विचारू लागले. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला अक्षता पडायच्या आधी विचारलं. वस्तरा मानेवर असताना न्हाव्याला विचारलं. दहाव्याच्या जेवणाला गेले आणि, "जाणाऱ्यानं शेवटी शेवटी काई फळ घेतलं होतं काय?" असं इतक्या कळवळ्याने विचारलं की घरातल्या बायका पुन्हा रडायला लागल्या. लोक त्यांना लांबून पाहून रस्ता ओलांडायचे. ओलांडता न येणारा मी एकटाच होतो. दादांचे नियमही कडक होते. नारळ फळात धरायचा नाही. प्रसादाचं केळ कोणाच्याही घरी गेलं तरी एकदाच धरायचं, "नाई तं एकच केळ तीन घरं फिरून तीन केळं व्हते!" एवढं सगळं करून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आपल्या जिल्ह्यात मोठा माणूस फळ दोनच वेळा खातो, उपासाला आणि तापात.

मग फळ जातं कुठे? हे शोधायला आम्ही जाम गावच्या चौफुलीवर चहाच्या टपरीशी बसायचो. संत्र्याचा ट्रक थांबला की दादा उठून ड्रायव्हरला गाठायचे. एक जण वैतागून म्हणाला, "काका, आप चेकिंगवाले हो क्या?" दादा नाही म्हणाले तरी त्याने दोन संत्री त्यांच्या हातात कोंबली आणि गाडी दामटली. पार तळेगावलाही आम्ही गेलो, थेट बागेत. झाडं फळांनी वाकलेली. बागवाल्याने खाट टाकली, चहा आणला, सोबत बिस्किटं आणली. दादांनी त्यालाही विचारलं. तो हसून म्हणाला, "कायचं खातो दादा? पाहू पाहूच पोट भरते." परतताना माझी कंबर आखडली होती, आणि मागे बसलेले दादा आंध्रापर्यंत जाणाऱ्या फळाबद्दल बोलत होते.

वहिनी या सगळ्यावर हसायच्या. "भाऊजी, हे देशाले खाऊ घालून राह्यले," असं म्हणत आम्हाला पिठलं-भाकर वाढायच्या.

मागच्या हिवाळ्यात वहिनींना न्यूमोनिया झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं. ताप उतरला, पण त्यांचं अन्न तुटलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर आमचा इलाज पुढे सरकणार नाही. पाहुणे येत होते आणि खाटेजवळच्या कपाटावर सफरचंदं, किवी, ते गुलाबी ड्रॅगनफळ यांची रास लागली होती. वहिनी तिकडे बघत नव्हत्या. सहाव्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "बोर खावंसं वाटते."

दादा धावत बाजारात गेले आणि लिंबाएवढी, हिरवी, चकचकीत बोरं घेऊन आले. वहिनींनी एक हातात घेतलं, वास घेतला, परत ठेवलं.

"हे नाई. बांधावरचं. बारकं."

डॉक्टरांनी चार-दोन खायला हरकत नाही म्हटलं आणि आम्ही निघालो. दादांना तालुक्याचं शिवार पाठ. इथे सात बोरी होत्या, म्हणायचे, आणि तिथे जेसीबीने साफ केलेला, सरळ दोरी लावल्यासारखा बांध असायचा. दुसऱ्या गावात तसंच, तिसऱ्यात तसंच. समुद्रपूरच्या वाटेवर एका बांधाशी दादा खाली बसले. मला वाटलं दमले. ते मातीकडे बघत म्हणाले, "मायाच कागदात बोरीले रकाना नव्हता रे. तुटल्या, तरी कागदावर काई कमी झालं नाई."



पलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक म्हातारी काहीतरी चघळत होती. दादांनी तिला पहिल्यांदाच फळाबद्दल नीट, माणसासारखं विचारलं. "माय, बोरं हायेत काय? घरची बिमार हाये."

तिने ओटीची गाठ सोडली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, लाल, सुरकुतलेली बोरं. "नाल्याकाठी एक झाड उरलं हाये," ती म्हणाली आणि होती तेवढी सगळी दादांच्या रुमालात ओतली. "तिले म्हना, बिया गिळू नोको."

वहिनींनी त्या दुपारी पाच बोरं खाल्ली. डोळे मिटून, हळूहळू, एकेक बी दादांच्या तळहातावर ठेवत. संध्याकाळी थोडी पेज मागितली. आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात आलो. दादांनी कठडा धरला.

"साऱ्या गावाले विचारलं," ते म्हणाले. "हिले कवा विचारलंच नाई. हिले काय आवडते, मले मालूमच नव्हतं."

वहिनी घरी आल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. थोडं चाललं की धाप लागते. दादा आता कुठे जात नाहीत. माझी मोटारसायकल उभीच असते, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा सकाळी सहज गेलो. अंगणात उन्हात वहिनी खुर्चीवर होत्या. दादा समोर पाटावर बसून संत्रं सोलत होते. प्रत्येक फोडीची शीर काढायची, साल काढायची, बिया काढायच्या आणि मग वहिनींच्या हातात द्यायची. वहिनींनी तीन खाल्ल्या आणि "पुरे" म्हणाल्या. तरी दादांनी चौथी दिली. ती हातात धरूनच त्यांना झोप लागली. दादांनी मला खुणेने हळू बोलायला सांगितलं. मी काही बोलत नव्हतोच. तिथेच पायरीवर बसून राहिलो.