कपडे गॅलरीत मिळतील

कॉलेजच्या मागच्या गेटसमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. हात असा, की त्यांनी शिवलेला कोट अंगात घातला की माणूस आपोआप ताठ चालायला लागायचा. पण तो कोट अंगात पडणार कधी, हे मात्र खुद्द मास्तरांनाही सांगता येत नसे. "उद्या नक्की," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते खोटं बोलत होते असं नाही. म्हणताना त्यांना ते अगदी मनापासून खरं वाटायचं. अडचण एवढीच होती की आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यामुळे कापडं येत राहायची आणि दुकानभर हँगरवर कॉलर नसलेले शर्ट, एका बाहीचे कोट आणि एकेका पायाच्या पँटी लोंबत असायच्या. कॉलेजच्या प्राचार्यांच्या राखाडी कोटाचं कापड तर कपाटात तळाशीच होतं. त्याला अजून कात्रीसुद्धा लागली नव्हती.

गिऱ्हाइकंही वस्ताद होती. दातांचे डॉक्टर रोज दवाखान्यात जाताना दुकानाच्या खिडकीशी थांबायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तुमची दाढ दुखायला लागली की या माझ्याकडे. अर्धी काढून देईन, अर्धी उद्या."

मास्तर हसायचे आणि मशीनवर आणखी खाली वाकायचे.

त्यांची लेक त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळायची. उंची आईच्या माहेरची. गल्लीत तिला सगळे शिडी म्हणत. माळ्यावरचं काही उतरवायचं असलं की शेजारपाजारचे तिलाच हाक मारत, आणि तीही हसत जात असे. संघाचे बनियन सगळ्या मुलींना एकाच मापाचे मिळाले होते. शिडीचा बनियन धावताना वारा भरल्यासारखा फुगायचा. "बाबा, दोन्ही बाजूंनी जरा आत घ्या ना," असं तिने सांगितलं, तेव्हा मास्तर "उद्या" म्हणाले. त्या उद्याला वर्ष होऊन गेलं होतं. सामना बघायला येण्याचंही तसंच. सामने शनिवारी संध्याकाळी असायचे, आणि दर शनिवारी मास्तर म्हणायचे, "पुढच्या शनिवारी नक्की."

एका शनिवारी ती सामन्याहून आली आणि मुकाट्याने जेवायला बसली.

"काय गं, हरलात?" मास्तरांनी विचारलं.

"जिंकलो."

"मग तोंड का असं?"

"बघायला कोणी नसतं, बाबा. मुलांच्या सामन्याला उभं राहायला जागा नसते आणि आमच्या वेळी गॅलरीत नुसत्या खुर्च्या. आज प्राचार्य डोकावून गेले. म्हणाले, रिकाम्या खुर्च्यांसाठी एवढे दिवे कशाला जाळायचे? मोसमाच्या शेवटच्या सामन्याला निदान अर्धी गॅलरी भरलेली दिसली नाही, तर शनिवारी हॉल परीक्षेच्या क्लासला देणार. आम्ही सकाळी मागच्या मैदानावर."

"मैदान काय वाईट आहे?"

"सिमेंटचं आहे. पडलं की गुडघे सोलतात. आणि तिथे तर कुत्रंही फिरकणार नाही."

"अगं, मग लोकांना सांगायचं, या म्हणून," आई म्हणाली.

"कोणाला सांगू? घरचेच येत नाहीत."

ती हे चिडून म्हणाली असती, तर मास्तरांना काही वाटलं नसतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली, ताट उचललं आणि आत गेली. मास्तरांचा घास हातातच राहिला.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी दुकान भर संध्याकाळी बंद केलं. शटरवर खडूने लिहिलं, 'कॉलेजच्या हॉलमध्ये आहे', आणि जाऊन गॅलरीत बसले. लेकीने त्यांना पाहिलं आणि हातातला चेंडू तिच्या पायावर पडला.

सामना जेमतेम सुरू झाला होता, तेवढ्यात दातांचे डॉक्टर धापा टाकत गॅलरीच्या पायऱ्या चढून आले.

"मास्तर, आता पळून जायला लागलात? माझ्या भाच्याचं लग्न तोंडावर आलंय. कोट कुठाय?"

"बसा डॉक्टर. सामना संपला की दुकान उघडतो, आज कोट घेतल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही. पण आत्ता उठलो तर ती बघेल."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. फुगलेल्या बनियनमधली एक उंच मुलगी धावता धावता सारखी वर बघत होती. डॉक्टर बसले.

"आपला संघ कुठला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"ती खेळतेय तो."

"ते कळलं हो. बास्केट कुठली आपली?"

"ते मलाही आत्ताच कळायला लागलंय."

मग पोस्टातल्या बाई आल्या. त्यांच्या नातीचा फ्रॉक मास्तरांकडे अडकला होता, आणि नात मात्र थांबायला तयार नव्हती. रोज वाढत होती. त्यांच्या मागून आणखी दोघंतिघं आली. सगळ्यांनी शटरवरचा खडू वाचला होता. मास्तरांना गाठून वसूल करायचंच, असा निर्धार करून एकेक जण येई आणि मास्तर त्याला शेजारी बसवून घेत. मध्यंतरापर्यंत एक रांग भरली. शिडीने लांबून एक बास्केट केली, तेव्हा त्या रांगेतून टाळ्या आल्या आणि दोन्ही संघांच्या मुली चकित होऊन वर बघत राहिल्या.

मध्यंतरात कोचबाई वर आल्या. "मास्तर, ही तुमची नातेवाईक मंडळी का?"

"गिऱ्हाइकं."

"रागावलेली दिसतात."

"म्हणून तर आली."

कोचबाई हसल्या नाहीत, विचारात पडल्या. "अशी रागावलेली अजून किती असतील?"

मास्तरांनी मनातल्या मनात हँगर मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. "गॅलरी भरेल," ते म्हणाले.

सोमवारी दुकानावर पाटी लागली: 'तयार कपडे शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये, गॅलरीत मिळतील. सामना संपल्यावर.' शेवटच्या दोन शब्दांखाली लाल रेघ होती.

पण पाटी लावली म्हणजे कपडे तयार करणं आलं. गॅलरीत चारी बाजूंनी गिऱ्हाइकं बसलेली असताना "उद्या" म्हणून निसटायला वाट नव्हती. मास्तर सकाळी लवकर दुकान उघडायला लागले. बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितलं, मग काजं करायला बसली. शनिवारी दोघं मिळून कपड्यांची पिशवी हॉलमध्ये न्यायची. अर्धवट कपड्यांची ट्रायल मध्यंतरात व्हायची. गळ्यात टेप अडकवून मास्तर रांगारांगांतून फिरायचे, हात वर करा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, नंतर पस्तावाल. डॉक्टरांचा भाच्याच्या लग्नासाठीचा कोट वेळेत झाला होता, पण तिथल्या कौतुकाने फुगून त्यांनी दुसरा कोट शिवायला टाकला होता. एकदा ट्रायल चालू असतानाच खेळ सुरू झाला, शिडीने चेंडू हिसकावला, आणि डॉक्टर एका बाहीचा कोट घालून खुर्चीवर चढले. बगलेत टर्रकन उसवलं.

"पुन्हा शिवावं लागेल," मास्तर म्हणाले.

"शिवा हो. फाउल होता की नाही, ते सांगा आधी."

दर शनिवारी रांग वाढत गेली. शेवटच्या सामन्यासाठी मास्तरांनी सगळं बळ पणाला लावलं. दुकानात कात्री लागलेलं जेवढं होतं तेवढं त्यांनी पुरं केलं. गुरुवारी हँगरवर इस्त्री केलेले कपडे असे ओळीने लागले, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एवढी गिऱ्हाइकं शनिवारी आली की प्राचार्यांनी नुसतं दारातून बघितलं तरी पुरे होतं.

शुक्रवारी मास्तर बटणं आणायला बाजारात गेले. परत येऊन बघतात तो हँगर सगळे रिकामे.

"कपडे?" त्यांनी विचारलं.

"नेले," बायको म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "पोस्टातल्या बाई आल्या, त्यांना तयार फ्रॉक दिसला. त्यांनी शेजारणीला सांगितलं. मग रीघच लागली. अहो, इतकी वर्षं या दारात बोलणी खाल्ली मी. आज पहिल्यांदा लोक मला थँक्यू म्हणत होते."

"अगं, पण पाटी..."

"तयार कपडा डोळ्यांसमोर लटकतोय आणि 'उद्या या' म्हणायचं? माझी नाही जीभ वळत. ते तुमचं काम." मग तिच्या लक्षात आलं. "अगंबाई," ती हळूच म्हणाली. "उद्याचा सामना."

मास्तर मशीनपुढे बसले. आयुष्यात पहिल्यांदा दुकानात अर्धवट शिवलेलं काही नव्हतं. थोड्या वेळाने ते उठले, घरात गेले, लेकीचा बनियन घेऊन आले आणि तिला समोर उभं केलं. टाचण्या लावताना ती म्हणाली, "बाबा, आज खरंच मोकळे आहात?" मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

शनिवारी नवरा-बायको रिकामी पिशवी घेऊनच हॉलमध्ये गेले. गॅलरीत दोघंच. खाली मुली सराव करत होत्या. शिडीचा बनियन अंगाबरोबर बसला होता, आणि तेवढंच काय ते मास्तरांच्या हातून झालं होतं. त्यांनी दाराकडे बघायचं सोडून दिलं.

"मास्तर."

डॉक्टर होते. नवा कोट घालून.

"बाही जरा लांब झालीय."

मास्तरांनी बघितलं. बाही मनगटाच्या हाडाशी, जिथे असायला हवी तिथेच होती.

"किती लांब?" त्यांनी विचारलं.

"ते सामना संपल्यावर बघू," डॉक्टर म्हणाले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पोस्टातल्या बाई नातीला घेऊन आल्या. फ्रॉकचं एक बटण सैल आहे म्हणाल्या. नातीने तिथल्या तिथे बटण ओढून दाखवलं. ते हललंसुद्धा नाही. एकाची पँट कमरेत घट्ट होती, एकाची ढिली, एकाला कॉलर टोचत होती. आणि येताना प्रत्येक जण घरातलं कोणी ना कोणी बरोबर घेऊन आला होता, कारण म्हणे चूक दोघांनी मिळून दाखवलेली बरी. मास्तर प्रत्येकाला एकच सांगत होते, "बसा, सामना संपला की बघतो." मग त्यांच्याबरोबर बायकोही सांगायला लागली.

प्राचार्य आले तेव्हा त्यांना बसायला खुर्ची नव्हती. ते मास्तरांशेजारी पायरीवर टेकले.

सामना अटीतटीचा झाला आणि शेवटच्या मिनिटाला हातून गेला. डॉक्टरांनी रेफरीचे सगळे दात काढायची तयारी दाखवली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. खाली शिडी कमरेवर हात ठेवून गॅलरीकडे बघत उभी होती, आणि हरूनही हसत होती.

प्राचार्यांनी आजूबाजूला पाहिलं. "संघ हरला, तरी कोणी उठत कसं नाही?"

"ट्रायल बाकी आहे, साहेब," मास्तर म्हणाले, टेप काढला आणि डॉक्टरांच्या बाहीपासून सुरुवात केली. प्रत्येकाची नसलेली चूक त्यांनी गंभीरपणे मापली. कुठे पाव इंच, कुठे एक टाका.

सगळ्यांत शेवटी प्राचार्य पुढे आले. "मास्तर, माझ्या राखाडी कोटाचं काय झालं?"

उद्या हा शब्द मास्तरांच्या अगदी जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला. "पुढच्या मोसमाचा पहिला सामना कधी आहे, साहेब?"

"तारीख ठरायचीय."

"आणि कुठे?"

प्राचार्यांनी भरलेल्या गॅलरीवरून एकदा नजर फिरवली. खाली सगळा संघ श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होता.

"इथेच," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी."

"मग कोटही इथेच मिळेल," मास्तर म्हणाले. "सामना संपल्यावर. हात वर करा."

प्राचार्यांनी दोन्ही हात वर केले, आणि खाली मुलींनी एकच कल्ला केला.