आत्याच्या रांगेतला दिवा

माझी आत्या एक्स-रे काढायची. हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत एकतीस वर्षं तिने आल्या-गेल्याला एकच वाक्य ऐकवलं, "श्वास रोखा, हलू नका." निवृत्त झाल्यावर ते वाक्य तिने स्वतःला लागू केलं, एवढाच काय तो फरक.

आराम कर म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिने सोल्डरिंग आयर्न आणलं, भिंग आणलं आणि हालचाल ओळखणारे छोटे बोर्ड बनवायला घेतले. काडेपेटीएवढा बोर्ड, पुढच्या बाजूला पांढरी प्लास्टिकची घुमटी, वर टाचणीच्या डोक्याएवढा लाल दिवा. समोर अंगात ऊब असलेलं काही हललं की दिवा लागायचा. एरवी बोर्ड झोपून राहायचा, म्हणून नाण्याएवढ्या सेलवर दोन वर्षं चालायचा. हौशी मंडळी ते न्यायची आणि कपाटात, जिन्यात, मांजराच्या ताटलीपाशी लावायची. "माझे बोर्ड आळशी आहेत, पण आंधळे नाहीत," असं आत्या ऐटीत सांगायची.

खरी मजा चाचणीत होती. टेबलावर बारा बोर्ड. सहा तिच्या खुर्चीकडे तोंड करून, सहा माझ्याकडे, मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत. म्हणजे तिची रांग फक्त तिला बघणार, माझी फक्त मला. दिवे मात्र दोघींना दिसायचे. पंखा बंद, खिडक्या बंद, बोलायचं नाही. वीस मिनिटं हूं की चूं करायचं नाही. आपण न हलता दिवा लागला, तर तो बोर्ड 'भित्रा', म्हणजे नसलेलं बघणारा. तो बाद.

दर रविवारी मी या कामाला जायचे आणि दर रविवारी माझं नाक खाजायचं. आत्या इतकी निश्चल बसायची, की तिचा श्वाससुद्धा दिसायचा नाही. मला मनापासून भीती वाटायची. शेवटी न राहवून विचारायचे, "आत्या, आहेस ना गं?" मग ती एक डोळा उघडायची. "हललीस. जा, चहा टाक."

तिचं हृदय कुरकुरायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की आता एकटं राहायचं नाही. आम्ही घरातली एक खोली तिच्यासाठी रिकामी केली. नवऱ्याने स्वतः कपाट ओढून दुसरीकडे नेलं. आत्या ढिम्म! मी मिनतवाऱ्या केल्या, अबोला धरला, मग सरळ भांडले.

"बरं बाई," ती म्हणाली. "ज्या दिवशी माझ्या रांगेतला दिवा तुझ्याआधी लागेल, त्या दिवशी बॅग घेऊन येते. शब्द आहे माझा."

म्हातारीचा हट्ट बघा! चौदा महिने मी जीव तोडून पुतळा झाले आणि चौदा महिने हरले.

त्या रविवारी दहाला माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. पंखा बंद, खिडक्या बंद, टेबलावर बारा बोर्ड मांडलेले. आत्या खुर्चीत, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. आज माझ्याआधीच सुरुवात झाली म्हणायची! मी बोलले असते तर हरले असते, म्हणून काही बोलले नाही. हळूच माझ्या खुर्चीत बसले. माझ्या रांगेतले सहा दिवे लागले आणि एकेक करून विझले. तिच्या रांगेत अंधारच होता.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. खोलीत जरा जास्तच गार वाटत होतं. तिचा श्वास दिसत नव्हता, पण तो कधीच दिसायचा नाही.

सव्वादहाला तिच्या रांगेतला तिसरा दिवा लागला. चार आकडे मोजेपर्यंत तो लाल राहिला आणि विझला.

"हरलीस!" मी उडीच मारली. माझ्याकडचे सगळे दिवे लागले. "आत्या, हरलीस! चल, बॅग भर!"

तिने एक डोळासुद्धा उघडला नाही. मी हसत होते. "रडीचा डाव नको हं," असं म्हणत मी तिचा खांदा हलवला. खांदा टेबलाच्या पत्र्यासारखा गार होता.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या, साधारण सहाच्या सुमाराला. मी विचारलं, "सव्वादहाला ती हलली असेल का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "यांना जरा पाणी द्या."

म्हणजे बोर्ड भित्रा निघाला, दुसरं काय? पण मी तिच्याच हाताखाली शिकलेली. पुढचे बारा रविवार तो तिसरा बोर्ड तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवून वीस-वीस मिनिटं बसले. तो एकदाही लागला नाही. समोरून हात फिरवला की मात्र लगेच लागायचा. त्यात काडीचा दोष नव्हता.

टेबल हलवताना खाली बॅग सापडली. कपडे, महिनाभराच्या गोळ्या, जास्तीचा चष्मा आणि वायर नीट गुंडाळलेलं सोल्डरिंग आयर्न. त्या रविवारी ती हरायला बसली होती. हे लिहितानाही मला रडू येतं, आणि तिचा रागही येतो. आदल्या रविवारी हरली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

बाकीचे अकरा बोर्ड गिऱ्हाइकांना गेले. तिसरा मी तिच्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत, पलंगासमोर लावला. पलंगावर तिची बॅग आहे, तशीच बंद. आम्ही आत गेलो की दिवा लागतो, बाहेर आलो की विझतो.

या महिन्यात दोन वर्षं पूर्ण झाली. नवा सेल आणून ठेवलाय. नवरा रोज म्हणतो, "दे इकडे, मी बदलतो, मिनिटाचं तर काम आहे." पण ते एक मिनिट बोर्डाला काही दिसणार नाही, म्हणून मी त्याला हात लावू देत नाही.