पौषात कुलूप

"पौषात कार्यालयाला कुलूप. का, ते विचारायचं नाही!" फुलंब्री रोडवरच्या आमच्या मंगल कार्यालयाचा हा नियम मी काकांच्या तोंडून शाळेपासून ऐकतेय. पण लग्नं नसली की माणसं मोकळी असतात, त्यामुळे किस्से साठतात ते पौषातच! यंदा ते जरा जास्तच आठवतायत, कारण माझं स्वतःचं लग्न ठरलंय. नवरा फौजेत. त्याला सुट्टी पौषात. माघात तो सीमेवर.

*

आमचे गुरुजी पंचांगात एकदम पक्के. एकदा विचारलं, "पौष हे नाव कुठून आलं?"

गुरुजी खुलले. "पौर्णिमेला चंद्र पुष्य नक्षत्रापाशी असतो, म्हणून पौष. पुष्य म्हणजे पोषण करणारं! गुरुपुष्याला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते."

"मग त्याच्याच नावाचा महिना वाईट कसा?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "कॉलेजात तुझा विषय कोणता होता गं?"

*

आत्याच्या हातची भोगीची भाजी म्हणजे काय सांगू! ओला हरभरा, गाजर, वांगी, वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. काका भाकरीवर भाकरी हाणतात आणि ढेकर देतात, "पौषासारखा महिना नाय बघ!"

"मग कुलूप काढू?"

"ते येगळं!"

*

एकदा भर पौषात एक नर्स आणि एसटीतला कंडक्टर हॉल मागायला आले. काका म्हणाले, "मुहूर्त कुणी काढला?"

मुलगी म्हणाली, "दोघांना एकत्र सुट्टी मिळाली, काका. याच्याहून मोठा मुहूर्त कोणता?"

काकांनी नाही म्हटलं. पठ्ठ्यांनी गेटबाहेरच हार घातले! आमचे आचारी बब्बूचाचा शिऱ्याचं पातेलं घेऊन धावले. काका ओरडले, "चाचा, पौष है!"

"होगा साब. बच्चों का मुँह तो मीठा करने दो!"

*

काकांचं हुकमी पान म्हणजे इतिहास. "पानिपत पौषात झालं!"

"आणि आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार? तोही पौषातच, संक्रांतीला झाला. लोक त्यासाठी किती वर्षं लढले! तुम्हीच तर कमानीपाशी पेढे वाटले होते."

काकांची मान ताठ झाली. "वाटले! लई वाटले!"

"पौषात?"

"पेढे चालतात."

*

परवा काका, आत्या आणि गुरुजी कार्यालयात बसले, माझी तारीख पुढं ढकलायला. मी सांगितलं, "ढकलायची नाही. लग्न पौषातच होणार, आणि याच हॉलमध्ये."

गुरुजी हळूच म्हणाले, "पोरी, पौषात मंगलाष्टकं म्हणायला कुणी यायचं नाही."

"नको येऊ दे. माझी मी म्हणेन."

"नवरीच म्हणती व्हय मंगलाष्टकं?" आत्या हसली.

मी उठले, स्टेजवर गेले आणि म्हणायला सुरुवात केली. एक अख्खं कडवं, शेवटपर्यंत. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला, "शुभ मंगल सावधान!"

आत्याचा उजवा हात अक्षता टाकायला सवयीनं वर गेला आणि तिथंच थांबला. गुरुजी तिच्या हाताकडं बघत राहिले. काका जमिनीकडं.

मी दुसरं कडवं सुरू केलं.