मोटर कुणी सुरू केली?

ती घटना आजही आठवते, असं सगळेच निवृत्त अधिकारी लिहितात. मला घटनेच्या आधी एक बल्ब आठवतो. पोलीस ठाण्यात माझ्या टेबलावर भर दुपारी आपोआप पेटलेला.

मी धुळ्याचा, देवपूरचा. नोकरीची शेवटची वर्षं मात्र जळगावच्या केळी पट्ट्यात गेली. तिथल्या एका गावात दोन सख्ख्या भावांची सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्यांनी मोटरीला मोबाइलवर चालणारी पेटी बसवली. पेटीत सिमकार्ड. घरून फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. सोय झकास! पण त्याच वर्षी भावाभावांचं बोलणं बंद झालं. पाळी नसताना तू चोरून पाणी घेतोस, असं दोघंही एकमेकांना म्हणायचे.

एका दुपारी थोरला, ज्याला गाव नाना म्हणायचं, विहिरीच्या काठावर मोटरीची वायर जोडत होता. मोटर बंद होती, म्हणून त्याने मेन स्विच पाडला नाही. फोनची सवय लागल्यापासून त्या स्विचला कुणी हातच लावत नव्हतं. अचानक मोटर सुरू झाली, झटका बसला आणि नाना विहिरीत पडला. गड्यांनी बाहेर काढून जळगावच्या दवाखान्यात नेला. शुद्ध नव्हती.

संध्याकाळी माझा खबऱ्या आला. "साहेब, धाकट्यानं परवाच चावडीवर दम देला व्हता, तुले इहिरीतच घालतो म्हने. अन् मोटर लागली तव्हा त्याच्या हातात फोन व्हता."

नानाच्या बायकोने फिर्याद दिली. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. गावातून दबाव, वरून फोन, एकच घोषा: अटक दाखवा. मी म्हटलं, दाखवीन, पण आधी खात्री करीन. अटकेचा डाग धुतला जात नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं होतं.

धाकट्याला चौकशीला बोलावलं. मी नोकरीत कुणावर हात उगारला नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. समोर चहा ठेवायचा आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. खोटं दर वेळी थोडं सजतं, खरं तसंच कंटाळवाणं राहतं. हा गडी एकच सांगत होता, "भांडन व्हतं साहेब, खोटं कशाले बोलू? पन मी फोन नही लावला. तो माह्या बापाच्या जागी हाये."

फोन कंपनीकडून कॉलच्या नोंदी अजून यायच्या होत्या, पण पेटी मुद्देमालात जप्त होती. वायरमनकडून मोटरीऐवजी तिला बल्ब जोडून घेतला. धाकट्याच्या फोनवरून नंबर लावला, बल्ब पेटला. माझा हवालदार धुळ्याकडचाच. म्हणाला, "बठ्ठं उघड शे, साहेब!" त्याच्या लेखी सगळं उघड झालं होतं. पुन्हा फोन लावून बल्ब विझवला, फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आम्ही जेवून पुन्हा चौकशीला बसलो.

आणि बल्ब पेटला.

धाकट्याचे दोन्ही हात टेबलावर होते. फोन माझ्या ड्रॉवरमध्ये. हवालदार खुर्चीतून उठलाच, "हाई काय शे, साहेब?"

वायरमनने पेटी तपासली. स्वस्तातला माल. ओळखीचा नंबर वगैरे काही बघत नव्हती. कुणाचाही फोन आला की उचलायची आणि मोटर चालू-बंद करायची. मग मी तिचं सिम काढून साध्या फोनमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास तो वाजला. मी हॅलो म्हटलं.

"अगं बाई! आज बोललात?" पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

फोनवरच पत्ता विचारून भुसावळला त्या आजींना भेटलो; शेजारीपाजारी त्यांना अक्का म्हणत. अक्का एकट्याच राहत होत्या. यजमान रेल्वेत होते, ते वारले. त्यांचा नंबर बंद पडला आणि कंपनीने तो नव्या गिऱ्हाइकाला, म्हणजे या भावांना दिला.

"मला कळतं हो साहेब, ते नाहीत," अक्का म्हणाल्या. "एकदा सहज लावला, तर उचलला. बोललं कुणीच नाही. तेव्हापासून दुपारी जेवले की लावते, जेवले म्हणून सांगते आणि ठेवते."

म्हणजे भावांचं वर्षभराचं भांडणही या फोनमुळेच! मी अक्कांचा जबाब घेतला. नंबर आता दुसऱ्याचा आहे एवढंच सांगितलं. विहिरीचं बोलायला जीभ उचलली नाही.

नाना शुद्धीवर आला. मी सगळं सांगितल्यावर तो उशीला टेकून उठून बसला. मग म्हणाला, "पहिले माह्या भावाले बलावा." धाकटा आला आणि त्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. मी बाहेर निघालो तेव्हा नानाने हाक मारली. "साहेब, त्या अक्काले इहिरीचं सांगू नका. तिनं काय केलं? तिनं तं आपल्या मानसाले हाक मारली."

गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. मला बक्षिसं मिळाली, त्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत. पण धाकट्याची न दाखवलेली अटक मला त्या सगळ्यांहून मोठी वाटते. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच: नवं यंत्र घरात आलं की माणसं आधी स्विच पाडायचं विसरतात आणि मग एकमेकांना विचारायचं विसरतात. दोन्हींत जीव जातो.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावी गेलो. नानाने जेवायला बसवलं. शेजारी धाकटा होता. विहिरीवर नवी पेटी, नवं सिम; जुनं सिम नानाने कोर्टातून सोडवून स्वतःकडे ठेवलं होतं. जेवता जेवता नानाच्या खिशातला जुना फोन वाजला. त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि फोन कानाला लावला.

"हां अक्का, बोल. जेवली का तू?"